नव्या पीसीचं नेट अधूनमधून तुटतंय? बोर्ड बदलण्याआधी कुठं तुटतंय ते पकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका तरुणानं सुटे भाग आणून घरी नवा पीसी जोडला. फायबर खाली हॉलमध्ये येतं, पीसी वरच्या मजल्यावर. नेटवाल्याच्या पोरानं ओढून दिलेली लॅन केबल जिन्यातनं वर गेली आहे. दिवसातनं पाच-सहा वेळा नेट दहा-पंधरा सेकंद जातं आणि आपोआप परत येतं, पण तेवढ्यात ऑफिसचा कॉल तुटलेला असतो. एक दिवस वायफायवर चालवून बघितलं, तिथंही तेच. दोनदा विंडोज नव्यानं टाकून झाली. घरातल्या फोनला मात्र काही होत नाही. तर आता मदरबोर्ड बदलून घ्यावा का?

नका बदलू, निदान आत्ता तरी. मी सांगली-मिरज भागात नेटवर्किंगची कामं करतो. अशा तक्रारीत बोर्ड खरंच गेलेला निघतो, पण क्वचित. केबल, ड्रायव्हर (विंडोजला लॅन कार्डाशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर), वीज वाचवायची एखादी सेटिंग किंवा राउटरचा अडॅप्टर हे त्याच्या कितीतरी आधी निघतात. आणि "फॉरमॅट मारून बघा" हा आपल्याकडचा रामबाण इथं उपयोगाचा नाही, कारण नवी विंडोज तोच जुना ड्रायव्हर आणि त्याच डिफॉल्ट सेटिंग परत आणून बसवते.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे ते दहा-पंधरा सेकंद. राउटर बंद पडून पुन्हा चालू झाला तर नेट यायला दीड-दोन मिनिटं तरी लागतात. नेटवाल्याकडनं लाइन गेली तर खंड मिनिटांचा असतो, कधी तासांचा. पीसीचा लॅन पोर्ट आणि समोरचा पोर्ट यांचा दुवा तुटला, दोघांनी पुन्हा वेग ठरवला आणि पीसीनं राउटरकडनं पुन्हा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आपला पत्ता, घेतला, या सगळ्याला मात्र साधारण एवढाच वेळ लागतो. म्हणून माझा पहिला संशय पीसी ते राउटर या टप्प्यावर आहे. पण संशय म्हणजे पुरावा नाही, तो आधी हातात घ्या.

"फोनला काही होत नाही" हा पुरावा मी धरत नाही. वायफाय अडखळलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि व्हिडिओ तर आधीच पुढचा भाग भरून ठेवतो. फोनचा मोबाइल डेटा दिवसभर बंद ठेवा आणि मग सांगा.

आता पीसीवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघणारी कमांड, दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आयपीकॉन्फिग (ipconfig) कमांड दिली की डिफॉल्ट गेटवेच्या पुढं तो दिसतो. बाहेरचा म्हणून ८.८.८.८ चालेल. पिंगच्या शेवटी वजा चिन्ह आणि टी लावलं (ping 8.8.8.8 -t) की तुम्ही थांबवेपर्यंत ते चालू राहतं. दोन्ही खिडक्या कोपऱ्यात ठेवून रोजचं काम करा.

नेट जाईल त्या क्षणी तिकडं बघा. राउटरचं उत्तर येतंय आणि फक्त बाहेरचं थांबलंय, तर तुमच्या पीसीचा दोष नाही, नेटवाल्याला फोन करा. दोन्ही थांबली, तर भानगड घरातच आहे. दोन्ही व्यवस्थित चालू आहेत आणि तरी ब्राउझर रडतोय, तर डीएनएस (साइटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधणारी सेवा), व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस बघायचा. आणि कोणता संदेश आला तोही नीट वाचा. "जनरल फेल्युअर" आलं तर पीसीच्या स्वतःच्या लॅन कार्डालाच त्या वेळी जोडणी नव्हती. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आणि त्यापुढं तुमचाच आयपी दिसला, तर कार्ड जागं आहे पण राउटर त्याला सापडत नाही. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे पॅकेट गेलं, उत्तर आलं नाही. जमलं तर त्याच क्षणी वाकून पीसीच्या मागं लॅन पोर्टचा दिवा विझलाय का तेही बघा.

तुम्ही बघायच्या आत नेट परत आलं तरी नोंद राहते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. नेट गेलं त्या वेळेच्या आसपासच्या ओळी वाचा. इंटेलचं लॅन असेल तर दुवा तुटल्याची नोंद २७ क्रमांकानं पडते. एनडिस या नावानं १०४०० क्रमांकाची नोंद दिसली तर विंडोजनं लॅन कार्ड रीसेट केलं, म्हणजे ड्रायव्हर किंवा कार्ड अडकलं होतं. टीसीपीआयपीची ४१९९ म्हणजे एकाच आयपीवर घरातली दोन उपकरणं भांडतायत. यातलं दुसरं उपकरण बऱ्याचदा सीसीटीव्हीचा डीव्हीआर असतो. बसवणाऱ्यानं त्याला हातानं एक आयपी देऊन ठेवलेला असतो आणि राउटर तोच नव्या पीसीला वाटतो. डीव्हीआरचा आयपी राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेर नेला की भांडण मिटतं.

प्रत्येक वेळी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि शेजारी घरात तेव्हा काय चालू झालं तेही लिहा. बरोबर तासातासानं जात असेल तर राउटरची एखादी ठरलेली क्रिया संशयित. वायफायची "ग्रुप की" ही गुप्त किल्ली बऱ्याच राउटरांत ३६०० सेकंदांनी बदलते, आणि आयपीची मुदत अर्धी सरली की पीसी ती वाढवून मागतो. सकाळी पाणी चढवायच्या वेळीच जात असेल तर बोअरची मोटर बघायची. मोटर उचलताना व्होल्टेज क्षणभर दबतं. पीसीचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, ते सहन करतो, राउटरचा पिचका अडॅप्टर करत नाही, आणि राउटर स्वतःच बंद होऊन चालू होतो. राउटरच्या स्टेटस पानावर अपटाइम असतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे. नेट गेल्यावर तो शून्यापासून सुरू झालेला दिसला तर राउटर रीस्टार्ट झाला, तिथं पीसीच्या ड्रायव्हरमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावा, किंवा डीसी मिनी यूपीएस. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना जो झटका बसतो त्यालाही तोच उपाय. तुमचे दहा-पंधरा सेकंद यात बसत नाहीत, तरी अपटाइम एकदा बघून ही शक्यता खोडून टाका.

आता केबल. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या वर्णनात माझा सगळ्यात जास्त संशय तिच्यावर आहे.

१०० एमबीपीएसला केबलच्या आठ तारांपैकी चारच लागतात: १, २, ३ आणि ६. एक जीबीपीएस आणि २.५ जीबीपीएसला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. तुमच्या आधीच्या लॅपटॉपचा पोर्ट किंवा जुना राउटर १०० चा असेल, तर हीच केबल वर्षानुवर्षं चालली असेल आणि कुणाला काही कळलं नसेल. नवा बोर्ड आला, त्यानं आठही तारा वापरायला घेतल्या आणि केबलचं जुनं दुखणं वर आलं. लोक म्हणतात, केबल तर पूर्वीपासून तीच आहे, बदललाय तो पीसी. खरंय, पण केबलकडनं मागणीही पीसीबरोबरच बदलली. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या माहितीत लिंक स्पीड दिसतो. तो कधी १००० आणि कधी १०० दिसत असेल तर एखादी जोडी अर्धवट लागते आहे असं समजा.

बाजारात सीसीए नावाची केबल सर्रास मिळते: आत अॅल्युमिनियम, वरनं तांब्याचा मुलामा. तारेचं टोक ब्लेडनं खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ती सीसीए. अशी तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि जॅकमधली पकडही काही महिन्यांत सैल पडते. जिन्याच्या कोपऱ्यात ती खिळ्याच्या क्लिपनं दाबलेली असते, तिथं हात लावून बघा. घरातल्या पंधरा-वीस मीटरसाठी शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या, फरक काही शे रुपयांचा आहे.

क्रिम्पिंगमधली, म्हणजे केबलला जॅक दाबून बसवण्यातली, एक चूक टेस्टरलाही सापडत नाही. काही पोरं रंग सरळ जोडीनं लावतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा आणि मग तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच लावल्यामुळं दिव्यांचा स्वस्त टेस्टर एक ते आठ सगळे दिवे ओळीनं दाखवतो आणि केबल पास होते. पण पोर्टच्या हिशेबानं ३ आणि ६ ही एक जोडी आहे, ४ आणि ५ ही दुसरी. सरळ लावल्यावर ३ नंबरला हिरव्या जोडीतली तार जाते आणि ६ ला निळ्या जोडीतली. पीळ दिलेल्या जोडीचा फायदा असा की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा बसतो आणि वजा होतो. जोडीच फुटली की तो फायदा गेला. मग शेजारनं मोटरची किंवा पंख्याची वायर गेली असेल तर दुवा अधूनमधून पडतो. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅक पारदर्शक असतो, वाचून बघायला पाच सेकंद लागतात. आणि लॅन केबल लाइटच्या वायरींबरोबर एकाच केसिंग पट्टीत घातली असेल तर ती वेगळी करा.

हे सगळं उकलत बसण्याआधी सरळ चाचणी अशी: पीसी उचलून खाली राउटरशेजारी न्या, दुकानातनं आणलेली दोन मीटरची तयार केबल लावा आणि तिथंच दिवसभर काम करा. तुटायचं थांबलं तर जिन्यातली केबल दोषी. तरीही तुटलं तर केबल निर्दोष, पुढं चला. वैताग आहे खरा, पण याच्याइतका निर्विवाद निकाल दुसऱ्या कशानं मिळत नाही.

पीसी खाली नेताना मागची बाजू टॉर्चनं बघा. बोर्डाबरोबर सुटी आयओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी) आली असेल तर तिला छोट्या पत्र्याच्या जिभा असतात. जोडताना घाई झाली की त्यातली एक जीभ लॅन पोर्टच्या आत वळते. जॅक लागल्यासारखा वाटतो, पण पुरता बसत नाही आणि टेबल हललं की दुवा जातो. तसं दिसलं तर बोर्ड सोडवून शील्ड पुन्हा बसवा, चिमट्यानं आत खुपसू नका.

पुढं ड्रायव्हर. तुम्ही बोर्ड कोणता ते लिहिलेलं नाही. हल्लीच्या मध्यम बोर्डांवर २.५ जीबीपीएसचं लॅन असतं आणि ते बहुधा रिअलटेकचं ८१२५ किंवा इंटेलचं आय२२५-व्ही, आय२२६-व्ही असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसेल. आय२२५-व्ही चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत २.५ जीबीपीएसवर पॅकेटांमधल्या अंतराचा दोष होता, तो पुढं बी३ आवृत्तीत दुरुस्त झाला. आय२२६-व्ही बद्दलही अधूनमधून तुटण्याच्या तक्रारी जगभरातनं आल्या, आणि एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद केल्यावर बऱ्याच जणांचं तुटणं थांबलं. हे तंत्र २०१० च्या ८०२.३एझेड या मानकातनं आलं. वाहतूक नसेल तेव्हा दुव्यानं डुलकी काढायची आणि वीज वाचवायची. दोन्ही बाजूंना डुलकीचं वेळापत्रक नीट जमलं नाही की एक जागा होतो तेव्हा दुसरा सापडत नाही. घरच्या एका पोर्टवर यातनं वाचणारी वीज एक वॅटही नसते, तेव्हा बिनधास्त बंद करा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड. एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद. रिअलटेक असेल तर ग्रीन इथरनेट आणि पॉवर सेव्हिंग मोड दिसतील, तेही बंद. पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. एवढं करून दिवसभर बघा. मग त्याच यादीत स्पीड अँड डुप्लेक्सला १ जीबीपीएस फुल डुप्लेक्स निवडा. तुमच्या राउटरचा पोर्ट बहुधा १ जीबीपीएसचाच असेल आणि प्लॅन त्याहून कमी, त्यामुळं २.५ सोडण्यात तुमचं काही जात नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलून नेट सुधारलं तर कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि विंडोजच्या पुढच्या अपडेटनं त्यातली एक सेटिंग उलटवली की पुन्हा पहिल्यापासून.

ड्रायव्हर बोर्डाच्या कंपनीच्या पानावरनं किंवा थेट चिप बनवणाऱ्याकडनं घ्या. विंडोज अपडेटनं आपोआप टाकलेला बऱ्याचदा जुना असतो. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. बायोसही (बोर्डाच्या चिपमधलं, विंडोजच्या आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) नवं करून घ्या, पण इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर, लाइटच्या भरवशावर नाही. हे पाठांतराचं सांगत नाही. २०२१ मध्ये एएमडीच्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी उपकरणं मध्येच गळायची, वायफायचे डाँगलसुद्धा. कंपनीनं ते मान्य केलं आणि बायोसमधल्या एजेसा या एएमडीच्या भागाच्या १.२.०.२ आवृत्तीनं ते सुटलं. असा दोष विंडोज कितीही वेळा टाकून जात नाही. रॅम एक्सएमपी किंवा एक्स्पोवर, म्हणजे बायोसमधल्या जास्त वेगाच्या सेटिंगवर, चालवत असाल आणि नेटबरोबर अधूनमधून प्रोग्रामही बंद पडत असतील, तर दोन दिवस ते बंद करून साध्या वेगावर चालवून बघा.

वायफायवरही तसंच झालं, म्हणून तुम्ही बोर्डावर संशय घेतला असणार. पण मला एक विचारायचंय: बोर्डाच्या खोक्यात आलेले अँटेना मागं लावले होते का? "वायफाय तर दिसतंय की" म्हणून ते खोक्यातच राहिलेले मी बऱ्याच घरांत बघितलेत. अँटेनाशिवाय राउटर दिसतो, जोडलाही जातो आणि मग कधीही सुटतो. दोन्ही अँटेना स्क्रू पुरते आवळून लावा आणि कॅबिनेटच्या वर किंवा बाजूला घ्या. पत्र्याच्या मागं, भिंतीकडं तोंड करून नको. तुमच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव असेल तर वेगळी नावं द्या, म्हणजे पीसी वरच्या मजल्यावरनं दोन्हींत ये-जा करत बसणार नाही. २.४ वरच राहावं लागलं तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी रिकामं असेल ते हातानं निवडा. यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह अँटेनाजवळ लावत असाल तर ती दूर न्या. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच पडतो, इंटेलनं २०१२ मध्येच ते मोजून प्रसिद्ध केलंय. तर लॅन आणि वायफाय दोन्ही तुटतात याचा अर्थ कारण एकच आहे असा होत नाही. तुमच्याकडं खराब केबल आणि बिनअँटेनाचं वायफाय अशी दोन वेगळी दुखणी एकत्र असू शकतात.

नेटवाल्याची बाजू थोडक्यात. बाहेरचं पिंग तुटत असेल तर फायबरच्या डब्याचा लॉस दिवा लाल होतो का बघा. डब्याच्या पानावर रिसीव्ह ऑप्टिकल पॉवर दिसते. घरगुती जीपॉन (फायबरचा नेहमीचा प्रकार) जोडणीत ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या आत लागते. उणे २६-२७ ला रेंगाळत असेल तर कुठंतरी फायबर जास्त वाकलंय किंवा जोड खराब आहे. नेटवाल्याला "नेट स्लो आहे" म्हणू नका, हा आकडा सांगा. पोरगं दुसऱ्या दिवशी येतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण नव्या पीसीला आवश्यक आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या पायानं हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर भिंतीवरच्या त्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडनं बॉडीला छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की बॉडी अधांतरी राहते आणि तिच्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, दिसतं. करंट अगदी कमी असतो म्हणून झटका बसत नाही. यानं नेट तुटतंच असं नाही, पण शील्डवाली केबल आणि धातूचा जॅक वापरला असेल तर तो गोंगाट केबलवरनं राउटरपर्यंत जातो. शिवाय वळिवाच्या दिवसांत, गच्चीवरच्या स्विचमधनं तांब्याची केबल खाली आली असेल, तर वीज कडाडल्यावर आधी लॅन पोर्ट जातात. फायबर घरात येत असेल तर हा धोका बराच कमी. अर्थिंग मात्र वायरमनकडनं तपासून घ्याच, तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे तिसऱ्या पिनला वायर आहे असं नसतं.

एवढं करूनही राउटरशेजारी, नव्या केबलवर, सेटिंग बंद करूनही तुटत असेल तर शेवटची चाचणी. पेनड्राइव्हवर उबुंटू घ्या आणि हार्डडिस्कला हात न लावता त्यावरनं पीसी चालू करा. तिथं अर्धा दिवस पिंग न तुटता चाललं तर हार्डवेअर ठीक आहे, दोष विंडोजमधल्या ड्रायव्हरचा किंवा एखाद्या व्हीपीएन-अँटिव्हायरसचा. तिथंही तुटलं तर मग बोर्डाचा पोर्ट. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदींचे फोटो, बिल आणि वेळा लिहिलेली वही घेऊन दुकानदाराकडं जा. "कधी कधी जातं" एवढ्यावर दुकानात पीसी तासभर चालवून "चालतंय की" म्हणून परत देतात. वेळेसकट नोंदी असल्या की तसं म्हणता येत नाही. बोर्ड वॉरंटीला गेल्यावर पीसी बरेच दिवस बंद राहतो. ऑफिसचं काम अडत असेल तर तोवर हजाराच्या आत मिळणारं १ जीबीपीएसचं पीसीआय एक्स्प्रेस लॅन कार्ड लावून बोर्डावरचं लॅन बायोसमधनं बंद करा. बरेच जण नंतर वॉरंटीला पाठवायचंच सोडून देतात, पण तुमचा बोर्ड नवा आहे, वॉरंटी आहे तोवर वापरा.